सही कोणाची? : रुग्णालयातील रुग्णाचे हक्क आणि आपण वैद्य

चिकित्सेचे चार पाद कोणते, हे आयुर्वेदाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही मुखोद्गत असते. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या, म्हणजे खुड्डाकचतुष्पाद अध्यायात ह्या प्रत्येक पादाचे चार चार गुण सांगितले आहेत. त्यांपैकी वैद्याचे गुण आम्ही धन्वंतरीपूजनाच्या भाषणांतून दरवर्षी ऐकतो व ऐकवतो. रोग्याच्या गुणांकडे मात्र आमचे लक्ष क्वचितच जाते. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व असे ते चार गुण. रोग्यास आपल्या व्याधीचा वृत्तांत आठवावा, त्याने वैद्याच्या सूचना पाळाव्यात, त्याने भिऊ नये आणि आपले दुःख त्याला नीट सांगता यावे, अशी आचार्यांची अपेक्षा आहे.

ह्या चारांपैकी निर्देशकारित्व हा एकच गुण आम्हां चिकित्सकांना मनापासून प्रिय आहे, हे कबूल करावयास हवे. रोगी ऐकणारा असावा. तो निर्भय असावा, त्याने विचारावे, त्याने सांगावे, हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले आणि पुढे विसरलो. वाग्भटाचार्यांनी रोग्याच्या गुणांत 'आढ्य', म्हणजे धनवान, हाही एक गुण सांगितला आहे. आजच्या रुग्णालयांच्या स्वागतकक्षात शास्त्रातला तेवढा एक शब्द मात्र कोणीही विसरलेले दिसत नाही! असो.

रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला मनुष्य निर्भय कसा राहील, हा ह्या लेखाचा विषय आहे. अंगावर परक्याचा झगा, हाताला सलाईन, उशाशी न समजणाऱ्या अक्षरांतला केसपेपर, आणि बाहेर व्हरांड्यात पैशांची जुळवाजुळव करणारे नातेवाईक. अशा अवस्थेत त्याला अभीरुत्वाचा उपदेश करून भागत नाही. त्याला कशाचा तरी आधार लागतो. ज्यास आज 'रुग्णाचे हक्क' म्हणतात तो हा आधार होय, असे आम्ही समजतो.

हा विषय मोठ्या ॲलोपॅथिक रुग्णालयांचा, त्याच्याशी आपला संबंध काय, असा प्रश्न काही व्यवसायबंधू विचारतील. संबंध फार जवळचा आहे. महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्यांच्या गावी चालणाऱ्या कितीतरी नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी हा आपल्यापैकीच एखादा बी.ए.एम.एस. पदवीधर असतो. सर्जन सकाळी येतात, भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपुरते येतात. रात्री अकरा वाजता रुग्णापुढे संमतिपत्र आणि पेन धरणारा हात बहुतेक वेळा वैद्याचा असतो. हा हात आमचाही होता.

एका रात्रीची गोष्ट

सुमारे तीस वर्षांपूर्वी, पदवी हाती आल्यावर, आम्ही एका तालुक्याच्या गावी बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करत होतो. पन्नाशी ओलांडलेली एक शेतकरी बाई 'अंग बाहेर येण्या'च्या तक्रारीसाठी दाखल झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शस्त्रक्रिया ठरली होती. जाताना डॉक्टरांनी आम्हांस सांगितले, "फॉर्म भरून ठेवा." फॉर्म इंग्रजीत छापलेला होता. रुग्णाचे नाव, एक मोठा परिच्छेद, आणि तळाशी 'रुग्ण किंवा नातेवाईक' अशी सहीची एकच ओळ. शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी होती. ती तशीच ठेवून सही घेण्याची तेथील पद्धत होती, आणि आम्ही ती पद्धत पाळली. मुलगा दाराशी उभा होता. त्याने मराठीत सही केली.

बाई जागी होती, शुद्धीवर होती, आमच्याकडे पाहत होती. तिने विचारले, "कसला कागुद हाय, दादा?"

"काही नाही, मावशी. उद्याच्या ऑपरेशनचा." इतकेच आम्ही म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

शस्त्रक्रिया चांगली झाली. जखम भरली, बाई आपल्या पायांनी घरी गेली. पुढे आम्ही त्याच गावी आमचा दवाखाना थाटला, तेव्हा चार-सहा महिन्यांनी ती आली. नाडी दाखवली, कंबर दुखते म्हणाली. मग डिस्चार्ज कार्ड आमच्यापुढे ठेवून म्हणाली, "ह्यात वाचून सांगा, माझ्यातलं काय काय काढलं त्ये." तिचे गर्भाशय काढले होते. हे मुलाला ठाऊक होते, सुनेला ठाऊक होते, आम्हांसही ठाऊक होते. तिला कोणीही सांगितले नव्हते. कंबरदुखीचे निमित्त होते. ती हाच प्रश्न घेऊन आली होती, हे आम्हांस नंतर उमगले.

ह्या घटनेत वैद्यकीय चूक कोणतीच नव्हती, हे मुद्दाम नमूद करतो. निदान योग्य, शस्त्रकर्म योग्य, परिणाम उत्तम. कोणत्याही न्यायालयात निष्काळजीपणाचा ठपका आला नसता. तरीही त्या बाईचे काहीतरी हिरावले गेले होते, आणि ते हिरावण्यात आमचा वाटा होता.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले

ह्या प्रश्नावरील आपल्या देशातील सर्वांत महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. त्यातील रुग्णा ४४ वर्षांची अविवाहित स्त्री होती. दीर्घकाळ चालणाऱ्या रजःस्रावाच्या तक्रारीसाठी ती मे १९९५ मध्ये दिल्लीतील एका दवाखान्यात गेली. दुर्बिणीद्वारे तपासणी करण्यास, व गरज पडल्यास उदर उघडण्यास, तिने स्वतः संमती दिली. ती भुलेखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी तिच्या आईची सही घेतली. त्या सहीवर गर्भाशय व दोन्ही बीजांडकोश काढण्यात आले.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००३ मध्ये तिची तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : रुग्ण सज्ञान आहे, समजदार आहे, भुलेमुळे केवळ काही काळ बेशुद्ध आहे; अशा वेळी तिच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आईसही नाही. निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही. एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीस लागू होत नाही. अपवाद एकच. प्राण वा आरोग्य वाचवण्यासाठी ते कर्म तत्काळ करणे भाग असेल आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे अनुचित ठरत असेल, तर गोष्ट वेगळी. येथे तशी निकड नव्हती. पुढची शस्त्रक्रिया पुढच्या दिवशी, तिला विचारून करता आली असती.

संमती घेण्यापूर्वी रुग्णास काय सांगावे, हेही त्या निकालात स्पष्ट केले आहे. कर्माचे स्वरूप व हेतू, त्यापासूनचा लाभ, पर्याय असल्यास ते पर्याय, त्यातील महत्त्वाचे धोके, आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम. रुग्णास घाबरवून सोडतील असे दूरचे, क्वचित घडणारे सर्व धोके मोजून दाखवण्याची अपेक्षा न्यायालयाने ठेवलेली नाही. ही मर्यादा आम्हांस शहाणपणाची वाटते. नुकसानभरपाईची रक्कम २५,००० रुपये होती, आणि डॉक्टरांस शस्त्रक्रियेचे शुल्क घेता येणार नाही असे ठरले. रक्कम लहान आहे. प्रकरण मात्र अनेक वर्षे चालले होते.

आम्ही तो निकाल प्रथम वाचला तेव्हा त्या रात्रीचा फॉर्म डोळ्यांपुढे आला. तेथे तर रुग्ण बेशुद्धही नव्हती.

शास्त्राचा आधार आणि शास्त्राची मर्यादा

आपल्या सभांमधून असे प्रतिपादन वारंवार होते की संमतीची कल्पना पाश्चात्त्यांची नसून सुश्रुताचार्यांनी ती फार पूर्वी सांगितली आहे. हे विधान अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते तपासून घ्यावयास हवे. चिकित्सास्थानात अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी सुश्रुताचार्य सांगतात की शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आहे, केल्यास यशाचा संशय आहे. म्हणून अनुज्ञा घेऊनच हे कर्म करावे. मूढगर्भाच्या प्रकरणीही तोच आदेश आहे. धोका स्पष्ट सांगणे, करणे आणि न करणे ह्या दोहोंचे परिणाम तोलणे, आणि मग विचारणे, हा सगळा क्रम तेथे आहे. आम्हांस त्याचा अभिमान वाटतो.

परंतु विचारावयाचे कोणाला? ग्रंथात शब्द आहेत ईश्वर आणि अधिपती. म्हणजे राजा, स्वामी, ज्याच्या आश्रयाने रोगी राहतो तो. ज्याचे शरीर कापले जाणार आहे तो नव्हे. त्या काळी वैद्याच्या दंडाचा अधिकार राजाकडे होता, त्यामुळे ती तरतूद समजू शकते. पण आजही आमच्या रुग्णालयांत स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची सही, म्हाताऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाची सही, असा जो परिपाठ आहे, तो ह्या अधिपतीचाच अवशेष आहे. कायद्याने अधिपती बदलला आहे. आता तो खाटेवर झोपलेला आहे. ग्रंथनिष्ठा म्हणजे हे सांगण्याचे टाळणे, असे आम्हांस वाटत नाही; आचार्यांनी विचारण्याचा आग्रह धरला, तो आग्रह योग्य व्यक्तीपर्यंत नेणे हे आमचे काम आहे.

नातेवाईकांना बाजूस सारावे असा ह्याचा अर्थ मुळीच नाही. आपल्याकडे रोगी एकटा आजारी पडत नाही, घर आजारी पडते. मुलाने विचारावे, सुनेने ऐकावे, थोरल्या भावाने सल्ला द्यावा. अज्ञान बालक असेल, रुग्ण शुद्धीत नसेल व निकड असेल, तर त्यांच्याच संमतीने पुढे जावे लागते. पण शुद्धीवरच्या, सज्ञान माणसाची सही त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याकडून घेणे ही सोय आहे, संमती नव्हे.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो 'त्यांना सांगू नका' ह्या विनंतीचा. अर्बुदाचे निदान झाले की मुलगे आम्हांस बाजूला घेऊन हात जोडतात. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास दिलेल्या उपदेशात असे म्हटले आहे की रोग्याचे आयुष्य सरत आले आहे हे कळले, तरी जेथे सांगितल्याने रोग्यास वा इतरांस आघात होईल तेथे ते सांगू नये. ह्या उपदेशाचा आधार घेऊन आम्ही अनेक वर्षे गप्प बसलो. पुढे अनुभवाने असे दिसले की रुग्णास बहुधा आधीच कळलेले असते. घरातले सगळे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत असतात. आता आम्ही रुग्णासच विचारतो, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हांला स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे? की मुलाशी बोलू?" काही जण म्हणतात, "मुलाशीच बोला." तीही त्यांची इच्छा होय, आणि ती आम्ही केसपेपरवर लिहून ठेवतो. मरणकाळ सांगू नये हा आचार्यांचा उपदेश आणि रोग व उपचार ह्यांची माहिती देण्याचे कर्तव्य, ह्या दोन गोष्टी एक नाहीत. त्याच उपदेशात रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर जाऊ देऊ नयेत असेही सांगितले आहे. गोपनीयतेचा आज सांगितला जाणारा हक्क आमच्या परंपरेत असा स्पष्ट शब्दांत आहे. तो मात्र आम्ही चहाच्या टपरीवर किती पाळतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

कागद, बिल आणि दरवाजा

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. तीत १७ हक्क आहेत. सगळे येथे उतरवून काढण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यापुरते सांगावयाचे तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि खाटा ठेवून रुग्ण दाखल करून घेणाऱ्या खासगी संस्थांना रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. स्थानिक प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष व टोल फ्री क्रमांक ठेवावयाचा आहे. पंचकर्मासाठी रुग्ण दाखल करून घेणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी हे नियम 'त्यांचे' म्हणून सोडून देऊ नयेत. आपल्या भिंतीवर धन्वंतरीची तसबीर आहे, पदवीचे प्रमाणपत्र आहे. दरपत्रक आहे का?

व्यवहारात रुग्णाची कुचंबणा दोन ठिकाणी अधिक होते. पहिले ठिकाण म्हणजे कागदपत्रे. रुग्ण दुसरे मत घेण्यासाठी आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा औषधांची बिलेच असतात. "केसपेपर देत नाहीत," असे तो सांगतो. वास्तविक रुग्णास त्याच्या कागदपत्रांच्या प्रती मिळावयास हव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते. आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी असलेल्या २००२ च्या आचारनियमावलीने तर मागणीनंतर ७२ तासांची मुदत घातली. रुग्णाने लेखी अर्ज द्यावा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि झेरॉक्सचा खर्च द्यावा, इतके त्याला सांगितले तरी बहुतेक वेळा काम होते. तोंडी मागणीला 'उद्या या' हे उत्तर असते. लेखी अर्जाला ते देणे जड जाते.

दुसरे ठिकाण म्हणजे रुग्णालयाचा दरवाजा, आत येताना आणि बाहेर पडताना. आत येण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणी २८ ऑगस्ट १९८९ रोजीच निर्णय दिला आहे. एका स्कूटरस्वारास मोटारीने धडक दिली होती. जवळच्या डॉक्टरांनी पोलीस प्रकरण म्हणून त्याला नाकारले व सुमारे २० किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयात पाठवले. वाटेत तो गेला. त्यावर न्यायालयाने सांगितले की प्राण वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. रात्रपाळीच्या वैद्यमित्राने एवढा एक निकाल तरी लक्षात ठेवावा. 'सर नाहीत, पुढे न्या' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा करणे, शीर धरून सलाईन लावणे आणि पुढच्या रुग्णालयास फोन करणे इतके त्याच्या हातात असते.

बाहेर पडण्याविषयी अधिक कटू अनुभव आहेत. बिल थकले म्हणून बरा झालेला रुग्ण चार दिवस खाटेवर अडकून आहे, किंवा मृतदेह मिळत नाही म्हणून नातेवाईक रात्रभर आवारात बसून आहेत, असे प्रसंग आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील. पैशासाठी रुग्णास अडवून ठेवणे बेकायदा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. २०२१ च्या सुधारित नियमांनीही बिलाच्या कारणावरून मृतदेह अडवण्यास मनाई केली. रुग्णालयाचे पैसे बुडावेत असे कोणीही म्हणत नाही. येणे वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग खुले आहेत. माणूस हे तारण नव्हे.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट येथेच सांगणे बरे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ क क आणि उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने अमलात आलेली योजना ह्यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा स्वतंत्र निधी असतो. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून पाहून घ्यावी. आम्ही आमच्या गरीब रुग्णास पुण्या-मुंबईकडे पाठवतो तेव्हा चिठ्ठीत निदान लिहितो, औषधे लिहितो. त्यासोबत 'शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या, दाखल होतानाच समाजसेवा अधीक्षकांना भेटा' हे दोन शब्द लिहावयास किती वेळ लागतो? बिल झाल्यावर हीच धावपळ करणाऱ्या घरांची दैना आम्ही पाहिली आहे.

आमच्या पुड्या

इतरांना प्रश्न विचारून झाल्यावर एक प्रश्न स्वतःस विचारणे प्राप्त आहे. आमच्या कितीशा रुग्णांना ते काय घेत आहेत हे माहीत असते? एखादा रुग्ण रात्री अचानक रुग्णालयात दाखल होतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, मूत्रपिंडावर ताण देणारे काही घेतले आहे का, हे तेथील डॉक्टर विचारतात. उत्तर येते, "वैद्यांच्या पुड्या चालू आहेत." त्या पुड्यांत कोणते भस्म आहे, कोणता रसकल्प आहे, किती मात्रेत आहे, हे रुग्णास ठाऊक नाही, नातेवाइकास ठाऊक नाही, कागदावर कोठेही नाही. मग तेथील डॉक्टर सर्व दोष पुडीवर ठेवतात आणि आम्ही आयुर्वेदाची बदनामी झाली म्हणून चडफडतो. आमच्या गुरुपरंपरेत योग गुप्त ठेवण्याची रीत होती, तिला तिची कारणे होती. माहितीचा हक्क मात्र रुग्णालयाच्या फाटकापाशी सुरू होत नाही. तो आमच्या खलबत्त्यापाशी सुरू होतो. औषधाचे नाव, मात्रा, काळ आणि त्यात खनिज द्रव्य असल्यास त्याचा उल्लेख, इतके चिठ्ठीवर लिहून देण्याने आमची विद्या कमी होणार नाही.

पर्याय सांगण्याविषयीही आमच्याकडे संकोच आहे. आपण पर्याय सांगितला तर रुग्ण तिकडे जाईल, ही भीती. भगंदराचे उदाहरण घ्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा क्षारसूत्रावरील बहुकेंद्री अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. उलट व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के होते व शस्त्रक्रियेत ११ टक्के. आमच्या परिषदांमधून ह्यांपैकी नंतरचे दोन आकडे मोठ्याने सांगितले जातात. रुग्णास चारही आकडे कळले पाहिजेत. ज्याची नोकरी महिनाभराच्या रजेवर टिकणार नाही तो कदाचित क्षारसूत्र घेईल; ज्याला दर आठवड्यास वीस कोस येणे शक्य नाही तो शस्त्रक्रिया घेईल. त्याच्या संसाराचा हिशेब तोच जाणतो. २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य विषयांतील आपल्या पदव्युत्तरांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी निश्चित केली, त्याचा आनंद आपण साजरा केला. त्या ५८ कर्मांबरोबर तितकीच संमतिपत्रे आली आहेत, त्यांचा विचार अजून व्हावयाचा आहे.

आमच्या लहानशा पंचकर्म रुग्णालयात आम्ही गेल्या काही वर्षांपासून एक मराठी संमतिपत्र वापरतो. त्यात कर्माचे नाव, हेतू, होणारा त्रास, धोके व पर्याय हे आम्ही लिहितो. खाली चार ओळी कोऱ्या आहेत आणि त्यांवर मथळा आहे : 'मला जे समजले ते'. त्या ओळी रुग्णाने भरावयाच्या. आरंभी आमच्या सहायकांनी कुरकुर केली. वेळ जातो, ही त्यांची तक्रार रास्त होती. प्रत्येक रुग्णामागे दहा-पंधरा मिनिटे खरोखरच जातात. पण भगंदराच्या एका रिक्षाचालकाने त्या ओळींत लिहिले, "धागा आठवड्याला बदलणार. आग होईल. दोन महिने. रिक्षा चालवेन पण कमी." आमच्या छापील मजकुरापेक्षा ते संमतिपत्र अधिक स्पष्ट होते.

मागील वसंत ऋतूत तमकश्वासाच्या एका साठीच्या आजी वमनासाठी दाखल झाल्या. स्नेहपान झाले होते, दुसऱ्या दिवशी पहाटे वमन ठरले होते. त्यांना लिहिता येत नव्हते. नात शेजारी बसून लिहीत होती. आम्ही सर्व सांगितले. किती वेग येतील, घाम सुटेल, थकवा येईल, क्वचित रक्तदाब उतरतो. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही करा, ती नाही-होय करतच असते. सही मी देतो." आम्ही पेन आजींच्या नातीकडेच राहू दिले.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मला ओकारी नको. पोटात घ्यायचं औषध द्या. उशिरा बरं वाटलं तरी चालंल."

निर्देशकारित्वाचा भंग झाला, हे खरे. आम्ही त्यांना वमनाचे लाभ पुन्हा एकदा सांगितले, शमन चिकित्सेस अधिक काळ लागेल हेही सांगितले. त्यांचे मत बदलले नाही. नातीने कोऱ्या ओळींत लिहिले, "आजीला वमन नको. तिला सगळे सांगितले आहे." त्याखाली आजींचा अंगठा, आमची सही आणि तारीख. केलेल्या स्नेहपानानंतरचा परिहार त्यांना समजावून दिला, शमनौषधे लिहून दिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी गेल्या. तो कागद त्यांच्या केसपेपरला लावलेला आहे.